सॉसियु म्हणजे भागीदार नव्हे: पोर्तुगीज क्रीडा क्लबांची सभासदपदे इंग्रजीत नेताना

पोर्तुगालमधील एखाद्या क्रीडा क्लबाच्या दाखल्यावर ‘सॉसियु एफेतीवु, कों अश क्वॉताश एं दीया’ अशी ओळ असते. शब्दकोश उघडून शब्दाला शब्द ठेवत गेल्यास तिचे इंग्रजी ‘इफेक्टिव्ह पार्टनर, विथ द कोटाज इन डे’ असे काहीतरी होते. ते वाचून लंडनमधील वकिलाला वाटेल, की दाखला सादर करणारी व्यक्ती एखाद्या व्यापारी पेढीची परिणामकारक भागीदार आहे आणि तिला कसलातरी कोटा मंजूर झालेला आहे. मूळ ओळीचा अर्थ मात्र इतकाच, की ही व्यक्ती क्लबाची पूर्ण सभासद असून तिची वर्गणी थकलेली नाही. सारे शब्द इंग्रजी शब्दांसारखेच दिसतात, आणि म्हणूनच ते फसवतात. पोर्तुगीज येणाऱ्या माणसालाही इथे चूक होते, कारण हे शब्द भाषेपेक्षा संस्थेच्या व्यवहाराचे आहेत.

म्हणून प्रथम संस्था समजून घ्यावी लागते. 1904 साली स्थापन झालेला स्पोर्ट लिझबोआ ई बेन्फिका, 1906 सालचा स्पोर्टिंग क्लूब द पुर्तुगाल आणि 1893 हे आपले स्थापनावर्ष सांगणारा फुटबॉल क्लूब दु पोर्तु हे जगाला फुटबॉल संघ म्हणून ठाऊक असले, तरी पोर्तुगीज माणसाच्या लेखी त्या सभासदांच्या संस्था आहेत. त्यांत फुटबॉलबरोबर हँडबॉल, रोलर हॉकी, मैदानी खेळ असे अनेक विभाग चालतात. सभासद वर्गणी भरतात, सर्वसाधारण सभेला बसतात, अध्यक्ष निवडतात आणि तो नावडला तर पाडतातही. सभासदसंख्या हा तर प्रतिष्ठेचा विषय आहे. बेन्फिकाने 2006 साली 1,60,398 सभासदांची नोंद दाखवून गिनेस बुकात जागतिक उच्चांक नोंदवला, आणि तो मोजताना वर्गणी भरलेले सभासदच धरले होते. इंग्लंडमध्ये मोठे फुटबॉल क्लब बहुतेक कंपन्यांच्या रूपात असतात, आणि तिथे ‘मेंबरशिप’ म्हणजे बऱ्याचदा तिकिटे आधी मिळण्याची सोय एवढेच उरलेले असते. त्यामुळे ‘मेंबर’ हा शब्द बरोबर असूनही इंग्रज वाचकाच्या मनात तो फिकट उमटतो. अनुवादकाने दुसरा शब्द शोधण्यापेक्षा गरज असेल तेथे ‘मतदानाचा हक्क असलेला सभासद’ असा खुलासा जोडणे मला अधिक योग्य वाटते.

आता मूळ शब्दाकडे येऊ. पोर्तुगीज ‘सॉसियु’ एकाच वेळी तीन घरांत राहतो. क्लबात तो सभासद असतो, व्यापारी पेढीत भागीदार असतो, आणि ‘सोसियेदाद पोर क्वॉताश’ या नावाच्या मर्यादित जबाबदारीच्या कंपनीत तो भांडवलाचा हिस्सेदार असतो. मराठीत याच तिघांना सभासद, भागीदार आणि भागधारक असे तीन स्वतंत्र शब्द आहेत, आणि कुठल्याही मराठी माणसाची त्यांत गल्लत होत नाही. म्हणून मराठी अनुवादकाला एक सोपी कसोटी उपलब्ध आहे: इंग्रजी शब्द निवडण्याआधी त्या वाक्यात मराठीत मी कोणता शब्द लिहिला असता, हे स्वतःला विचारावे. तालमीचा किंवा वाचनालयाचा ‘भागीदार’ असे आपण कधी म्हणत नाही, तर क्लबाच्या सॉसियुलाही ‘पार्टनर’ म्हणता येणार नाही. गोव्यातील वाचकाला याहून जवळचा दाखला सापडेल. कोमुनिदादीत, म्हणजे गावाच्या सामाईक जमिनीच्या संस्थेत, जन्माने हक्क मिळणारा गावकर वेगळा आणि हिस्सा बाळगणारा भागधारक वेगळा, हा भेद तिथल्या जमिनीच्या व्यवहारात फार जुना आहे.

हा भेद केवळ शब्दकोशापुरता नाही, हे पोर्तुगालमध्ये अलीकडच्या काळात चांगलेच दिसून आले. 1997 च्या कायद्यानंतर क्लबांनी आपला व्यावसायिक फुटबॉल विभाग ‘सोसियेदाद अनॉनिमा देश्पुर्तीवा’, म्हणजे क्रीडा भागकंपनी, या वेगळ्या कंपनीकडे सोपवायला सुरुवात केली. या कंपनीला आद्याक्षरांवरून ‘साद’ म्हणतात. क्लबाचा तो सॉसियु आणि सादचा तो ‘असियोनिश्ता’, म्हणजे शेअरहोल्डर, अशी दोन निरनिराळी माणसे त्यामुळे तयार झाली, जरी कधी कधी एकच व्यक्ती दोन्ही असली तरी. लिस्बनच्या बेलें भागातील ‘उश बेलेनेंसश’ या 1919 सालच्या क्लबात ही फूट अगदी उघडी पडली. कंपनीचे बहुमत बाहेरच्या गुंतवणूकदाराकडे गेले, सभासद आणि कंपनी यांचे बिनसले, आणि 2018 साली क्लबाने कंपनीपासून अलग होऊन लिस्बन जिल्ह्याच्या तळच्या पायरीवरून नव्याने खेळायला सुरुवात केली. कंपनीचा संघ मात्र वरच्या श्रेणीत खेळत राहिला. या घटनेच्या बातमीत ‘सॉसियुश’चे भाषांतर जो ‘शेअरहोल्डर्स’ असे करील, त्याच्या वाचकाला भांडण कोणाचे कोणाशी होते हेच उलटे समजेल.

‘पार्टनर’ टाळणारे काही अनुवादक ‘असोसिएट’कडे वळतात, आणि त्यांना तसे वाटण्याला कारणही आहे. पोर्तुगीज दिवाणी संहितेत संस्थेच्या सभासदाला ‘असोसियादु’ म्हटले आहे, आणि क्लबांच्या घटनांतही हा शब्द सॉसियुच्या जोडीने फिरतो. पण इंग्रजी क्लबांच्या परंपरेत ‘असोसिएट मेंबर’ हा दुय्यम दर्जाचा सभासद असतो, ज्याला सवलती मिळतात पण बहुधा मत नसते. म्हणजे पूर्ण हक्काचा सभासद भाषांतरात एक पायरी खाली उतरतो, आणि वाक्य व्याकरणाने इतके निर्दोष असते की चूक कोणाच्या लक्षातही येत नाही. ‘असोसियादु’ला साधे ‘मेंबर’ म्हणावे. घटनेच्या एकाच कलमात दोन्ही शब्द आले, तरी दोन इंग्रजी शब्द शोधत बसू नये, कारण मूळ लेखकाने बहुतेक वेळा केवळ पुनरुक्ती टाळलेली असते.

‘एफेतीवु’ हे विशेषण दाखल्यावरील दुसरा सापळा आहे. जुन्या कागदांवर त्याच्या स्पेलिंगमध्ये एक मुके ‘क’ दिसते, आणि 1990 च्या लेखनसुधारणा करारानंतर ते गळाले. दोन्ही रूपांचा अर्थ एकच आहे, तेव्हा जुन्या व नव्या दाखल्यांत हे दोन वेगळे वर्ग आहेत असे समजू नये. शब्दाचा भाव ‘परिणामकारक’ असा नसून ‘पदावर प्रत्यक्ष असलेला, पूर्ण हक्काचा’ असा आहे. म्हणून सभासदाच्या बाबतीत ‘फुल मेंबर’ किंवा ‘ऑर्डिनरी मेंबर’ ही रूपे चालतात. मी पहिले निवडतो, कारण ‘ऑर्डिनरी’ने हक्काची बाजू झाकली जाते. हाच शब्द समितीच्या यादीत ‘सुप्लेंत’ या शब्दासमोर आला, तर मात्र तो नियमित सदस्य आणि राखीव सदस्य असा भेद सांगतो, आणि तिथे दुसऱ्याला ‘सब्स्टिट्यूट’ किंवा ‘ऑल्टरनेट’ म्हणावे लागते. ‘सॉसियु कोर्रेश्पोंदेंत’ हा बहुधा क्लबाच्या शहरापासून दूर राहणारा आणि म्हणून कमी वर्गणी देणारा सभासद असतो. विद्वत्सभांमध्ये ‘करस्पाँडिंग मेंबर’ ही मान्य पदवी असल्याने हे भाषांतर चुकीचे म्हणता येत नाही, पण फुटबॉल क्लबाच्या संदर्भात ते पत्रव्यवहार करणाऱ्या पंडिताची आठवण करून देते. ‘नॉन-रेसिडेंट मेंबर’ किंवा ‘कंट्री मेंबर’ ही जुन्या इंग्रजी क्लबांतील रूपे त्याला अधिक जवळची आहेत. बालसभासद, कुमारसभासद, खेळाडू-सभासद या वर्गांत विशेष अडचण नाही.

पैशांचे शब्द अधिक गमतीचे आहेत. ‘क्वॉता’ म्हणजे क्लबाची नियमित वर्गणी. ब्रिटिश वाचकासाठी ती ‘सबस्क्रिप्शन’, अमेरिकन वाचकासाठी ‘ड्यूज’, आणि कोणासाठी लिहितो आहोत हे ठाऊक नसेल तर ‘मेंबरशिप फी’. पण वर उल्लेखिलेल्या मर्यादित कंपनीत ‘क्वॉता’ म्हणजे भांडवलातील हिस्सा असतो. सॉसियु आणि क्वॉता हे दोन्ही शब्द एकत्र आले, की ‘हिस्सेदार आणि त्याचा हिस्सा’ किंवा ‘सभासद आणि त्याची वर्गणी’ यांपैकी नेमकी कोणती जोडी आहे, हे केवळ त्या वाक्यावरून कळत नाही. कागदाच्या शिरोभागी संस्थेचे स्वरूप काय लिहिले आहे, ते पाहावेच लागते. प्रवेशाच्या वेळी एकदाच भरायच्या रकमेला ‘जॉया’ म्हणतात, आणि त्याचा मूळ अर्थ दागिना. यंत्र तिचे ‘ज्वेल’ करून टाकते. माणसाने ‘जॉइनिंग फी’ किंवा ‘एंट्रन्स फी’ लिहावे. पोर्तुगीज शब्द मराठीत आल्यावर अर्थ कसा बदलतात, हे आपल्याला ‘पगार’ शब्दावरून ठाऊक असायला हवे. पोर्तुगीजमध्ये ते ‘देणे, चुकते करणे’ असे क्रियापद आहे, आणि आपण ते महिन्याच्या अखेरीस हातात पडणाऱ्या रकमेला लावले.

‘एं दीया’ म्हणजे ‘आजवर चुकते’. मतदानाचा हक्क या दोन शब्दांवर अवलंबून असतो, त्यामुळे भाषांतरात ते गाळणे ही किरकोळ काटछाट ठरत नाही. त्यांच्याच सोबत ‘अंतिगिदाद’ हा शब्द येतो. तो ‘अँटिक्विटी’सारखा दिसला, तरी इथे प्राचीनतेचा संबंध नाही. तो सभासदत्वाची ज्येष्ठता सांगतो, आणि इंग्रजीत ती ‘सिनिऑरिटी’. या ज्येष्ठतेला पोर्तुगालमध्ये खरी किंमत आहे. बेन्फिकाच्या 2010 च्या घटनेनुसार नव्या पूर्ण सभासदाला एक मत होते, पाच वर्षांनंतर पाच, दहा वर्षांनंतर वीस आणि पंचवीस वर्षांहून अधिक काळ सभासद असलेल्याला पन्नास. स्पोर्टिंगमध्येही जुन्या सभासदाच्या मताचे वजन अधिक असते. ‘एक व्यक्ती, एक मत’ हे गृहीत धरणाऱ्या इंग्रजी वाचकाला निवडणुकीच्या बातमीतले मतांचे आकडे म्हणूनच चक्रावून टाकतात, कारण पडलेली मते आणि मतदान केलेली माणसे यांच्या संख्या जुळत नाहीत. अनुवादकाने तिथे ‘व्होट्स’ आणि ‘व्होटर्स’ हे दोन शब्द काटेकोरपणे वेगळे ठेवावेत. सभासद क्रमांकाचेही असेच आहे. तो आपल्या आधार क्रमांकासारखा कायमचा नसतो. मृत आणि वर्गणी थकवून बाद झालेले सभासद वगळून काही वर्षांनी क्रमांक नव्याने लावले जातात, आणि त्यामुळे टिकून राहिलेल्या सभासदाचा क्रमांक हळूहळू खाली येत जातो. क्रमांक एकचा सॉसियु म्हणजे पहिला नोंदलेला माणूस नसून, हयात सभासदांतील सर्वांत जुना. ‘मेंबर नंबर वन’ असे भाषांतर करून थांबल्यास वाचक त्याला संस्थापक समजण्याचा पुष्कळ संभव आहे. पंचवीस वर्षांनंतर रौप्य आणि पन्नास वर्षांनंतर सुवर्ण ‘एंब्लेमा’ दिले जाते. कोटावर लावायचे ते बोधचिन्ह असल्याने त्याला ‘बॅज’ म्हणावे, ‘मेडल’ नव्हे.

ब्राझीलच्या क्लबांचे कागद हाती आले, तर भाषा तीच असूनही वर्ग बदलतात. तिथला ‘सॉसियु रेमीदु’ शब्दशः ‘सोडवलेला’ सभासद आहे, आणि ‘रिडीम्ड मेंबर’ असे इंग्रजी वाचले की क्लबाऐवजी चर्च डोळ्यांसमोर येते. प्रत्यक्षात तो पुढील वर्गणीतून कायमचा मुक्त झालेला सभासद असतो, म्हणजे आपल्याकडील वाचनालयांचा आजीव सभासद, इंग्रजीत ‘लाइफ मेंबर’. इथे ‘पेड-अप मेंबर’ लिहिण्याचा मोह होतो, पण इंग्रजीत त्या शब्दाचा अर्थ यंदाची वर्गणी भरलेला इतकाच होतो. ‘सॉसियु प्रोप्रियेतारियु’कडे क्लबाच्या मालमत्तेशी निगडित असे एक प्रमाणपत्र असते, जे विकता किंवा वारशाने देता येऊ शकते. ‘प्रोप्रायटरी मेंबर’ ही त्याला जुळणारी संज्ञा इंग्रजीत आहे. ‘ओनर’ म्हटल्यास तो एकटाच क्लबाचा मालक असल्याचा भास होतो. ‘सॉसियु-तोरसेदोर’ हा त्यामानाने नवा वर्ग. तो चाहता दरमहा पैसे भरून तिकिटांत सवलत मिळवतो, पण अनेक क्लबांत त्याला मत नसते, आणि जिथे असते तिथे ते अटींसह असते. त्याला ‘सपोर्टर मेंबर’ म्हणावे आणि मताचा प्रश्न त्या क्लबाची घटना पाहून सोडवावा.

चाहत्याचा विषय निघालाच आहे तर पोर्तुगालमधील ‘अदेप्तु’चाही उलगडा करायला हवा. तो इंग्रजी ‘अडेप्ट’प्रमाणे निष्णात वगैरे नसतो. तो फक्त चाहता. प्रत्येक सॉसियु अदेप्तु असतो, पण देशभरातले स्टेडियमपासून दूर राहणारे बहुसंख्य अदेप्तु कधीच सॉसियु होत नाहीत. ‘लुगार कातीवु’, शब्दशः ‘बंदिवान जागा’, ही हंगामभर राखून ठेवलेली खुर्ची असते. तिचा धारक तो ‘सीझन टिकेट होल्डर’, आणि ते सभासदत्वाहून निराळे विकले जाते. गंमत अशी, की या खुर्च्यांना क्लबांनी स्वतःच इंग्रजी नावे देऊन टाकली आहेत: बेन्फिकाची ‘रेड पास’, स्पोर्टिंगची ‘गेमबॉक्स’, पोर्तुची ‘ड्रॅगन सीट’. या नावांचे भाषांतर करू नये, पण ती सीझन टिकिटे आहेत एवढे सांगितल्याशिवाय पुढे जाऊही नये.

खरी कसोटी लागते ती मानाच्या पदव्यांत. ‘सॉसियु ओनोरारियु’ हा बहुतेक घटनांत क्लबाने गौरवलेला मान्यवर असतो, आणि तो आधीपासून सभासद असलाच पाहिजे असे नाही. ‘ऑनररी मेंबर’ हे भाषांतर निर्धोक आहे. याच शब्दाचे अनेकवचनी नाम मात्र पोर्तुगीजमध्ये वकील किंवा डॉक्टर यांच्या शुल्कासाठी वापरतात, त्यामुळे हिशेबाच्या कागदात तो दिसला तर मान बाजूला ठेवून रक्कम शोधावी. ‘सॉसियु द मेरितु’ ही पदवी क्लबाची विशेष सेवा केलेल्या खेळाडूला, कार्यकर्त्याला किंवा पदाधिकाऱ्याला मिळते. ‘मेंबर ऑफ मेरिट’ हे रूप इंग्रजीत थोडे परके वाटते, पण ‘डिस्टिंग्विश्ड मेंबर’ म्हटले तर ती पदवी न राहता स्तुती होते, म्हणून मी परकेपणा पत्करून पहिलेच ठेवतो आणि दोन्ही शब्दांची आद्याक्षरे मोठी लिहितो. ‘सॉसियु बेनेमेरितु’त लॅटिन मूळ ‘चांगले पात्र ठरलेला’ असे आहे, आणि त्यामुळे तो मेरितुचाच जुळा भाऊ वाटतो. व्यवहारात पोर्तुगालच्या क्लबांत तो बहुधा मोठी देणगी, जमीन किंवा अन्य मदत दिलेल्या माणसाचा मान असतो, म्हणजे आपल्या संस्थांच्या अहवालांतील ‘आश्रयदाते’ किंवा ‘देणगीदार सभासद’. त्याला ‘बेनिफॅक्टर मेंबर’ म्हणावे. ब्राझीलमध्ये ही पदवी निव्वळ गौरवाची राहत नाही. रिओच्या वास्को द गामा या 1898 सालच्या, पोर्तुगीज स्थलांतरितांनी स्थापन केलेल्या क्लबात बेनेमेरितु आणि त्याच्याही वरचा ग्रांद बेनेमेरितु यांचे स्वतंत्र मंडळ आहे आणि क्लबाच्या कारभारात त्याला वजन आहे. तिथे ‘बेनिफॅक्टर’ म्हटले की माणूस भिंतीवरच्या संगमरवरी पाटीपुरता उरतो आणि त्याचे राजकारण अदृश्य होते. अशा वेळी पदवी मूळ रूपात ठेवून पहिल्या उल्लेखाला एका वाक्यात तिचा अधिकार सांगणे बरे.

सभासद जिथे मत देतात तिथल्या पदांची नावेही सोबत येतातच. सर्वसाधारण सभेच्या ‘मेझा’चा शब्दार्थ टेबल, पण ते सभेचे संचालन करणारे निवडून आलेले मंडळ असते, आणि त्याचा अध्यक्ष क्लबाच्या अध्यक्षाहून वेगळा असतो. दोघांनाही ‘प्रेझिडेंट’ म्हणून वाक्य सोडून दिले, की सभा कोणी बोलावली याचा घोळ होतो. म्हणून सभेच्या अध्यक्षाला ‘चेअर ऑफ द जनरल मीटिंग’ असे पूर्ण लिहावे. ‘वोगाल’ या शब्दाचा व्याकरणातील अर्थ स्वर, पण समितीत तो विशिष्ट खाते नसलेला साधा सदस्य असतो. ‘कोंसेल्यु फिश्काल’ कर वसूल करत नाही, हिशेब तपासतो. आणि ‘ऑर्गांउश सोसियाइश’ ही सामाजिक इंद्रिये नसून क्लबाची अधिकारमंडळे आहेत, हे सांगायची वेळ यंत्राच्या भाषांतरांमुळे आता वारंवार येते.

या साऱ्याचा आपल्याशी थेट संबंध नाही असे मात्र म्हणता येत नाही. पणजीचा क्लूब वास्को द गामा 1909 सालचा आणि मिरामारचा क्लूब टेनिस द गास्पार दियश 1926 सालचा, आणि गोव्यातील अशा संस्थांचे 1961 पूर्वीचे कागद वाचायचे तर हेच शब्द समोर येतात. पोर्तुगीज नागरिकत्व घेऊन इंग्लंडमध्ये स्विंडनसारख्या गावी स्थायिक झालेल्या गोवेकरांच्या घरांत जुन्या क्लबाचे ओळखपत्र निघालेच, तर तिथल्या कचेरीला ते इंग्रजीतच समजावून द्यावे लागेल. पूर्वी पोर्तुगीज सत्तेखाली असलेले मकाव असो की अंगोलाची राजधानी लुआंडा, मोठ्या क्लबांची नावे घेतलेले स्थानिक क्लब पसरलेले आहेत. त्यांना मूळ क्लबाची ‘फिलियाल’ म्हटलेले आढळते, आणि तेही कंपनीच्या शाखेसारखे मालकीचे नाते नसून केवळ संलग्नता असते.

काही इंग्रजी पत्रकार हा सगळा गुंता टाळण्यासाठी मूळ शब्दच वापरतात. बार्सेलोनाच्या स्पॅनिश ‘सोसियो’ला इंग्रजी क्रीडापानांवर आता भाषांतराची गरज उरलेली नाही, आणि पोर्तुगीज शब्दालाही लेखात तशी मोकळीक द्यायला माझी हरकत नाही. पण दाखला, प्रतिज्ञापत्र किंवा घटना यांचे भाषांतर शपथेवर होते, आणि तिथे पहिल्या उल्लेखाला मूळ शब्द तिरक्या अक्षरांत देऊन पुढे सर्वत्र एकच इंग्रजी रूप ठेवावे. क्लबाचे नाव मात्र कोठेही भाषांतरित करू नये. लिस्बनच्या स्पोर्टिंगला इंग्रजी वृत्तपत्रे अनेक वर्षे ‘स्पोर्टिंग लिस्बन’ म्हणत आली, पण क्लबाला ते नाव मान्य नाही.